दारातली मोजणी

१

मेंगियाच्या घरातून बाहेर पडायला दार एकच, आणि त्या दारात सकाळी सातला मेंगिया उभी. हातात बीपर, अंगात लोकरीचा जाड स्वेटर, जिभेवर काहीतरी झणझणीत. बावीस हिवाळे असेच गेले. कुणी केवढा का मोठा बोर्डवाला असेना, जगभरचं बर्फ तुडवून आलेला असेना, तिच्यासमोरून एकेकट्याने गेल्याशिवाय त्याला डोंगर मिळत नसे.

डोंगरातलं हे मुक्कामाचं घर अडीच हजार मीटरवर, खालच्या गावापासून चार तासांवर. गाडी येत नाही, तारेवरचा पाळणा येत नाही. येणारा पायाने येतो. बोर्ड, म्हणजे बर्फावर उभं राहून घसरायची फळी, मधोमध उभा सुटा करायचा, दोन पायांना दोन फळ्या, तळाला केसाळ पट्ट्या म्हणजे चढताना मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, फळ्या आकड्यांनी पुन्हा जोडायच्या, आणि ज्या उतारावर कुणाचा माग नाही तिथून खाली यायचं. तीन तास चढायचं आणि सहा मिनिटांत संपवायचं. मेंगियाला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा, आणि या वेड्यांशिवाय तिला करमायचं नाही. तिच्या सख्ख्या भावाने, फ्लूरिनने, गावातल्या सुतारशाळेत धडधाकट बोर्ड करवतीने उभा चिरला तेव्हा आईने कपाळ बडवून घेतलं होतं. आज अर्धं खोरं त्याने केलेल्या बोर्डांवरून घसरतं.

बीपर म्हणजे छातीशी बांधायची मुठीएवढी पेटी. बर्फाचा थर सुटून माणूस खाली गाडला गेला, तर वरच्यांना त्याचा पत्ता लागावा म्हणून. सकाळी मेंगियाची पेटी ऐकायची, काचेवर अंतराचा आकडा दाखवायची, आणि बाकीच्यांच्या पेट्या बोलायच्या. एक माणूस, एक बीप. मग जा कुठे जायचं तिथे.

त्या मार्च महिन्यात आठ जणांची टोळी आली. सात पाहुणे, आणि त्यांची वाटाड्या म्हणजे फ्लूरिनची मुलगी लादीना. परीक्षा पास होऊन चार महिने झाले होते. पहिलीच टोळी.

पोचल्या पोचल्या तिने मेंगियाला चुलीपाशी गाठलं.

“आत्या, एक ऐक. दारात उभी राहा, मोज, सूप दे. पण मागून ओरडायचं नाही. या लोकांसमोर मला शेंबडी पोर करू नकोस.”

“मी कधी ओरडले?”

“गेल्या साली त्या जर्मनाला ‘टोपी घाल गाढवा’ कोण म्हणालं?”

“त्याने टोपी घातली नव्हती.”

“आत्या!”

“बरं बाई. नाही ओरडत. शब्द दिला.”

शब्द दिला म्हणजे दिला. मेंगिया चार इयत्ता शिकलेली बाई. तिच्याजवळ कागद-शिक्के नव्हते, शब्दच होता.

२

पहिल्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. एकेक जण दारातून निघाला. लादीना, बीप. तिच्यामागे शाळामास्तर नवरा-बायको, बीप, बीप. मग तिघं मित्र, मग झ्यूरिकची रेगुला, दातांची डॉक्टर, उंच आणि सरळसोट. सर्वांत शेवटी बाल्झर.

बाल्झर खालच्या गावात चीज करायचा. दाराएवढा रुंद, दाढीत कायम हसू, आणि कायम उशीर. सगळे बाहेर उभे राहायचे आणि हा आत बोर्डाचा आकडा शोधत असायचा. हाक मारली की नाकातल्या नाकात गाणं गुणगुणत उत्तर द्यायचा, “आलो, ताई, आलो!”

“तुझ्या बारशालाही तू उशिराच आला असशील,” मेंगिया म्हणाली.

“आई अजून तेच सांगते.” बाल्झर समोरून गेला. बीप.

आठ. मेंगियाने पेटी बंद करायच्या बटणाकडे बोट नेलं.

बीप.

तिने वर पाहिलं. दारात कुणी नव्हतं. उंबऱ्यावर बाल्झरच्या बुटांचा ओला ठसा, आणि त्याच्यापलीकडे अंगण. पेटीच्या काचेवर आकडा होता: एक मीटर. मग तो पुसला गेला.

“कुणाचा फोन चालू आहे?” तिने आवाज दिला. फोन पेटीजवळ असला की पेटी काहीबाही बरळते, हे तिला बावीस वर्षांत पाठ झालं होतं.

तिघा मित्रांतल्या एकाने ओशाळून हात वर केला.

“छातीशी बायकोला धरावं, फोनला नाही,” मेंगिया म्हणाली, आणि लादीनाने डोळे वटारले तशी गप्प बसली. ओरडायचं नव्हतं.

३

दिवस फार छान गेला. असा दिवस आला की मेंगियाला वाटायचं, माणसाला आणखी लागतं तरी काय? तिने जमीन पुसली, जवाचं सूप चढवलं, त्यात वाळवलेल्या मांसाचे बारीक तुकडे टाकले. अक्रोडाचा केक भट्टीत गेला. दुपारी अंगणातल्या बाकावर बसून तिने विणकाम काढलं, तर समोरच्या उतारावर आठ बारीक ठिपके एकामागोमाग खाली आले, आणि वरून शेवटच्याची आरोळी इथवर ऐकू आली. बाल्झरच. त्याची चाल लांबूनही ओळखू यायची. डाव्या वळणाला तो अंग जरा जास्तच टाकायचा, झोक्यावरच्या पोरासारखा, आणि मग उजवीकडे आळसात परत यायचा. इथल्या लोकांना माणसाची सही ओळखता येत नाही, पण बर्फावरची रेघ ओळखता येते.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने बसले. केकवरून भांडले. रेगुलाने मास्तरांच्या दाढेचं निदान फुकटात केलं. मेंगिया पळी घेऊन उभी होती आणि आतून तृप्त होती.

जेवणं झाल्यावर ती सपाता लावायला गेली. बूट बूटखोलीतच ठेवायचे आणि घरात नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या सपाता घालायच्या, हा दुसरा कायदा. प्रत्येक जोडाच्या टाचेला वेगळ्या रंगाचा दोरा. आठ जोड वापरात होते. नववा, हिरव्या दोऱ्याचा, फळीच्या टोकाला नुसताच पडून असायचा.

तो ओला होता. टाचा दबलेल्या, जणू कुणी दिवसभर घालून आताच काढून ठेवलाय.

“माझ्या सपाता कोण बदलतंय?” तिने आत येऊन विचारलं.

आठही जणांनी टेबलाखालून पाय वर करून दाखवले. लाल, निळा, पिवळा, पांढरा... प्रत्येकाच्या पायात ज्याचा त्याचा रंग.

“छत गळत असेल,” मास्तर म्हणाले.

छत गळत नव्हतं. ते तिने स्वतः शाकारून घेतलं होतं. पण ती म्हणाली, “असेल,” आणि जोड भट्टीजवळ वाळत टाकला.

४

दुसऱ्या सकाळी तिने दारात वेताची टोपली ठेवली. “फोन आत. विजेवर गरम होणारे हातमोजे आत. घड्याळं पण आत. चर्चमध्ये दानपेटीत टाकता तसं टाका.”

“आत्या, घड्याळाने काही होत नाही.”

“तू वर सांभाळ, मी दार सांभाळते.”

ती दोन दोन पावलांचं अंतर ठेवायला लावून एकेकाला सोडत होती. लादीना. मास्तर. बाई. पहिला मित्र. चार बीप झाले. पाचवा, दुसऱ्या मित्राचा, झाला तेव्हा तो मुलगा अजून बूटखोलीच्या पायरीवर वाकून पट्टा आवळत होता. त्याच्या आणि दाराच्या मधे दोन हात मोकळी हवा होती, आणि त्या हवेने बीप केलं. काचेवर आकडा: साठ सेंटीमीटर.

मग तो मुलगा आला. पुन्हा बीप.

सगळे निघून गेल्यावर मेंगिया तीच पेटी हातात धरून घरभर फिरली. निजायच्या खोल्या, माळा, लाकडाची खोली, जुनं सामान ठेवायचं कपाट. कपाटात एक जादा बीपर होता. तिने तो उघडला. सेल नव्हतेच. पेटी कुठेही बोलली नाही. फक्त बूटखोलीत, जिथे बुटांसाठी हुक लावले आहेत, तिथे एकदा काच उजळल्यासारखी वाटली. खिडकीतून ऊन येत होतं, उन्हानेच उजळली असेल.

ती स्वतःशी हिशेब करत राहिली. पेटी जुनी. थंडीत तारा आखडतात. माणसाला छप्पनाव्या वर्षी ऐकू कमी येतं, जास्त कसं येईल? आणि सगळं मनात नीट लावून झालं की तिला सपातांच्या दबलेल्या टाचा आठवत, आणि लावलेलं सगळं पुन्हा विस्कटायचं.

संध्याकाळी लादीनाला तिने बाजूला घेतलं.

“नऊ येतात गं.”

“काय नऊ?”

“बीप. आठ माणसं, नऊ बीप. दोन दिवस.”

लादीना हसली नाही, हे तिचं भलेपण. “तुझी पेटी म्हातारी झालीय, आत्या. उद्या बचावपेटीतली नवी घे.”

“उद्या कुठे नेणार?”

“प्लाउंका. उत्तरेकडचा मोठा उतार. तीन दिवस थंडी आहे, थर घट्ट बसलाय. मी खणून पाहिला.” मग थोडं थांबून, “बाबा माझ्या वयाचे असताना तोच पहिल्यांदा उतरले होते ना?”

त्या पोरीच्या डोळ्यांत काय होतं ते मेंगियाला दिसलं. प्लाउंकावरून टोळी सुखरूप खाली आणली की खोऱ्यात तिला कुणी ‘फ्लूरिनची मुलगी’ म्हणणार नव्हतं. लादीना म्हणणार होतं.

“हो,” मेंगिया म्हणाली. “नवी पेटी घेते.”

५

तिसऱ्या सकाळी वारा होता. आभाळ निळंच, पण वारा अंगणातलं भुरभुरीत बर्फ उडवून थेट दारात आणत होता. सगळ्यांनी आधीच चष्मे चढवले होते, नाकापर्यंत कापड, कानांवर टोप्या. नवी पेटी मेंगियाच्या हातात, काच स्वच्छ. आज ती त्या काचेवरून नजर हलवणार नव्हती. बघते कुठून येतो नववा.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. रेगुलाच्या उंच बुटांचा आवाज, सात. मग जड पावलं, नाकातलं गुणगुणणं, आठ.

ती थांबली. मनात दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत.

काही नाही.

छातीवरचा धोंडा उतरला. बघा, पेटीच म्हातारी होती! उगाच दोन दिवस जीव टांगणीला लावला. लादीनाने अंगणातून हात वर केला, “आठ?” असं खुणेनेच विचारलं. मेंगियाने आठ बोटं दाखवली. लादीनानेही आपल्या लोकांवरून बोट फिरवत मोजले आणि मान हलवली. रांग निघाली.

मेंगियाने दार लावलं, कॉफी ओतली, दोन चमचे साखर जास्त टाकली. मग झाडू घेऊन गुणगुणण्याच्या तालावरच बूटखोलीत गेली. गुणगुणतोय कोण हे तिच्या लक्षात यायला क्षणभर लागला. ती नव्हती.

बाल्झर गुडघ्यावर बसून बोर्डाच्या गोठलेल्या आकड्यावर तोंडाची वाफ सोडत होता.

“आलो, ताई, आलो,” तो मान वर न करता म्हणाला. “हा आकडा बर्फाने धरलाय. त्यांना म्हणावं पाच मिनिटं.”

मेंगियाच्या हातातला झाडू खाली पडला.

“तू बाहेर गेलास.”

“कुठे गेलो? कधीचा इथेच मरतोय.”

“माझ्यासमोरून गेलास. तुझा बीप झाला.”

बाल्झरने जाकिटाची चेन खाली ओढून आतली पेटी दाखवली. तिच्यावर दिवा नव्हता. “अजून चालूच केली नाही, ताई. सेल वाचवतोय.” मग तिचा चेहरा बघून तो उभा राहिला. “काय झालं? ते निघाले? मला सोडून?”

६

अंगणातून प्लाउंकाची वाट पूर्ण दिसते. पायथ्याची नागमोडी चढण, तिच्यावर काळे ठिपके. मेंगियाने हाताचा आडोसा डोळ्यांवर धरून मोजले. बाल्झरने मोजले.

आठ.

पुढे लादीनाचा लाल ठिपका. शेवटून दुसरी रेगुला, उंच. आणि तिच्यामागे, अगदी चिकटून, जितकं चिकटून चढणाऱ्याने कधीच चालू नये तितकं, एक रुंद काळा ठिपका.

“तो कोण?” बाल्झर म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता.

अंगणाच्या कोपऱ्यात घंटा होती. धुक्यात वाट चुकलेल्यांसाठी ती वाजवायची. स्वच्छ उजेडात वाजली तर तिचा अर्थ एकच: जिथे असाल तिथून परत फिरा. ती वाजली की खालच्या गावापर्यंत ऐकू जायची, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळायचं की फ्लूरिनच्या पोरीला तिच्या आत्याने पहिल्याच टोळीसकट परत बोलावलं. मेंगियाने शब्द दिला होता. तिचा हात दोरीवर होता, आणि बावीस वर्षांत तो हात कधी इतका जड झाला नव्हता.

तिने घंटा वाजवली. आणि मग दिलेला शब्द पुरताच मोडायचा तर अर्धवट कशाला, म्हणून फुप्फुसं फाटेपर्यंत ओरडली, “लादीनाऽऽ! मागे ये! मागे फीर गंऽऽ!”

रांग थांबली. लाल ठिपका वळला. एकेक करून सगळे वळले.

शेवटचा वळला नाही. वळलेल्या रेगुलाच्या बाजूने तो पुढे सरकला, लादीनाच्याही बाजूने, आणि वरच्या चढणीवर एकटाच चालत राहिला. घाई नाही. वाऱ्याने बर्फाचा पडदा उडवला. पडदा विरला तेव्हा सात ठिपके खाली येत होते आणि वरची वाट मोकळी होती.

७

लादीना अंगणात शिरली ती पेटलेली होती. “शब्द दिला होतास! सगळ्या खोऱ्याने ऐकली असेल ती घंटा! मी आता कुणाला तोंड...”

मग तिला दारात बाल्झर दिसला. हातात बोर्ड, पायात सपाता.

मागे वळून तिने आपली माणसं मोजली. पुन्हा मोजली.

रेगुलाने चष्मा वर केला. तिचे ओठ पांढरे पडले होते. “तू माझ्या मागे होतास,” ती बाल्झरला म्हणाली. “तुझा श्वास ऐकू येत होता मला. तू ते तुझं गाणं गुणगुणत होतास. मी म्हटलं पण, जरा मागे सरक. तू म्हणालास...”

“काय म्हणालो?”

“आलो, आलो.”

मेंगियाने सगळ्यांना आत ढकललं. “बूट बाहेर. सपाता घाला. सूप सकाळी प्यायला कायद्याने बंदी नाही.”

नऊ वाजता वारा पडला आणि प्लाउंका आरशासारखा उजळला. खिडकीशी बसलेल्या मास्तरांनी पहिल्यांदा पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. वरच्या खिंडीपासून एक रेघ खाली आली होती. एकाच बोर्डाची, ताजी, इतकी देखणी की तिघं मित्र भीती विसरून “वाऽ” म्हणाले. त्या खिंडीत पोचायला इथून तीन तास लागतात.

डाव्या वळणाला रेघ जरा जास्तच झुकलेली होती. उजवीकडे आळसात परत येत होती.

कुणीच बाल्झरकडे पाहिलं नाही. बाल्झर मात्र खिडकीशी उभा राहून, बोटाने काचेवर ती वळणं गिरवत होता. एक, दोन, पाच, नऊ. उताराच्या मध्यावर त्याचं बोट थांबलं. रेघ तिथेच संपली होती. खड्डा नव्हता, माणूस नव्हता, पडल्याची खूण नव्हती. पुढचं बर्फ कोरं होतं.

“अशीच वळलो असतो मी,” तो म्हणाला.

साडेदहाला खिडक्या थरथरल्या. आधी एक दबका आवाज झाला, पोत्यावर पोतं टाकल्यासारखा, मग लांबलेला घरघराट. धूळ बसली तेव्हा प्लाउंकाचा मधला सगळा थर निसटून खाली दरीत जाऊन पडला होता. रेघ गेली. ज्या वेळी, ज्या जागी ते आठ जण असते, तो उतारच तिथे उरला नव्हता.

मग लादीना उठली, मेंगियाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी रडली. बाल्झरने सूपची तिसरी वाटी मागितली. मेंगियाने दिली, वर मांसाचे जास्तीचे तुकडे घातले, आणि त्याच्या जाड मानेवर एक चापट ठेवून दिली. मान गरम होती, खरी होती. त्या दिवशी त्या घरात आठ माणसं जिवंत होती, आणि मेंगियाला त्याहून जास्त काही नको होतं. ते दुसरं कोण, आणि त्याने हे भल्यासाठी केलं की आणखी कशासाठी, हे ती कुणाला विचारणार?

८

शेवटच्या सकाळी कायदा बदलला. “चष्मा वर. तोंड दाखव. नाव सांग. मग पुढे.”

प्रत्येकाने नाव सांगितलं. आठ तोंडं, आठ नावं, आठ बीप. बाल्झर, नवलच, वेळेवर आला. चष्मा वर करून हसला, नाव सांगितलं आणि गेला.

लादीना उंबऱ्यावर घुटमळली. “पुढच्या आठवड्यात दुसरी टोळी आणते. ओरडायची मुभा आहे.”

“तुझ्या मुभेवाचून माझं अडलं होतं का?” मेंगियाने तिचा गालगुच्चा घेतला. “जा. टोपी नीट घाल.”

टोळी अंगणातून दरीकडे उतरली. घर रिकामं झालं आणि मेंगियाला ते रिकामंही आवडलं. चादरी काढल्या, कपबशा विसळल्या. सूप अर्धं पातेलं उरलं होतं. ते तिने मंद आचेवर ठेवलं. नवी पेटी टेबलावर होती, ऐकत्या खुणेवरच राहिलेली. बंद करायला ती वळली.

बीप.

काचेवर आकडा होता: चौदा मीटर. मग नऊ. मग चार. बूटखोलीत बाक करकरला, कुणी जड माणूस बूट काढायला बसावा तसा, आणि नाकातल्या नाकात गाणं सुरू झालं.

“आलो, ताई, आलो.”

मेंगियाला आधी हसूच आलं. विसरला असणार काहीतरी, कायमचा वेंधळा. तिने फळीवरून वाटी काढली, पळी सूपात बुडवली. “सपाता घालून ये रे!” ती म्हणाली, आणि सहज खिडकीतून खाली पाहिलं, बाकीचे कुठे थांबलेत ते बघायला.

कुणी थांबलेलं नव्हतं. टोळी दरीत बरीच खाली गेली होती, उन्हात, एकामागोमाग एक. पुढे लादीनाचा लाल ठिपका. शेवटी एक रुंद काळा ठिपका, डाव्या वळणाला जरा जास्तच झुकणारा.

तिने बोट काचेवर टेकवून मोजले.

आठ. मोजणी बरोबर होती.

मागे नमद्याच्या सपातांची पावलं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबली.

“नाव सांग,” मेंगिया म्हणाली, आणि वाटी भरत राहिली.